पोट्ट्यांना ‘जन गण मन’ शिकवून राहिले? मग या चुका टाळा

दर जानेवारीत कॉलनीतल्या पहिली-दुसरीच्या पोट्ट्यांची २६ जानेवारीची प्रॅक्टिस माझ्याच गळ्यात येते, अन् दरवर्षी त्याच त्या चुका पाहून डोकं फिरते.

पहिली म्हणजे अर्थ न सांगता पाठ करून घेणं. लोकांना वाटते शब्द तं आपलेच आहेत, त्यात काय सांगायचं. अरे बावा, ते मराठी नाही, रवींद्रनाथ टागोरांनी १९११ मध्ये लिहिलेलं संस्कृत शब्दांनी भरलेलं बंगाली आहे. दोन वर्षांआधी दुसरीतला एक पोट्टा ‘तव शुभ आशिष मागे’ आलं की एक पाऊल मागं सरकायचा. मी ओरडलो, सावधानमध्ये हलायचं नाही, पुन्हा सुरू केलं, हा पुन्हा मागं, शेवटी मागच्या पोरीच्या पायावर बूट पडला अन् तिनं भोकाड पसरलं. चिडून विचारलं तं म्हणे, "काका, तुम्हीच तं मागे म्हणून राहिले!" आता त्याचं काय चुकलं? मागे म्हणजे आशीर्वाद मागतो, हे मीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी गाऊच देत नाही. नकाशा टांगतो अन् बोट फिरवतो. पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, मग खाली द्राविड, वर चढून उत्कल म्हणजे ओडिशा, मग बंग. देशाच्या कडेकडेनं बोट बरोबर फिरते, क्रम आपोआप पाठ होते. सिंध १९४७ पासून पाकिस्तानात आहे, ते पोट्टे विचारतातच. अन् "आपलं नागपूर कुठंय?" हे पण. तेव्हा आपण मध्य प्रांताची राजधानी होतो, हे सांगितलं की आजोबा मंडळी खूश.

‘हिमाचल’ म्हणजे हिमालय, शिमल्याचं राज्य नाही. ‘उच्छल’ म्हणा, ‘उच्चल’ नाही.

दुसरं डोकेदुखीचं म्हणजे आई-बाबांनी घरी सांगितलेलं "ते इंग्रज राजासाठी लिहिलं होतं". पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये भारतात होता हे खरं, अन् गाणं पहिल्यांदा २७ डिसेंबरला कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायलं गेलं, त्याच दिवशी राजाच्या स्वागताचं दुसरंच एक गाणं झालं, इंग्रजी पेपरवाल्यांनी दोन्हीची खिचडी केली. टागोरांनी १९३७ मध्ये पत्र लिहून हे साफ नाकारलं. लहान पोरांना एवढंच सांगा की भाग्यविधाता म्हणजे देशाला वाट दाखवणारा. बाकीचं मोठ्यांनी वाचावं, फॉरवर्ड करायच्या आधी.

राष्ट्रगीत ठरलं २४ जानेवारी १९५० ला, १९४७ मध्ये नाही. मूळ कडवी पाच, राष्ट्रगीत फक्त पहिलं.

५२ सेकंदात संपलं पाहिजे. काही जण यूट्यूबवरचा रडका स्लो ट्रॅक लावतात, पोट्टे ‘जय हे’ पर्यंत येईस्तोवर जांभया देतात. मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावतो, बस.

अन् थंडीत सकाळी सातला उपाशी उभं करू नका, चक्कर येते. आधी पोहे द्या. तर्री नंतर, पांढरे शर्ट असतात.