जुन्या मारुती ८०० चा हेडलाइट स्विच: दोष शोधणे, साफसफाई आणि रिले

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी ही गाडी आपल्या रस्त्यांवर अजून रोज दिसते, आणि तिच्या जुन्या मॉडेलांच्या वायरिंगमधली एक उणीवही तशीच राहिली आहे. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून, म्हणजे दिव्यांच्या दांडीच्या स्विचमधून जातो, कारण मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब डिपरवर (जवळच्या उजेडावर) मिळून सुमारे ९ अँपिअर आणि अप्परवर (लांबच्या उजेडावर) १० अँपिअर करंट घेतात. जास्त उजेडाच्या हौसेने १००/९० वॅटचे बल्ब लावले की हाच आकडा अप्परवर १७ अँपिअरच्या जवळ जातो, आणि आतले छोटे पितळी कॉन्टॅक्ट तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून स्विच खराब झाला की नवा आणून बसवायचा आणि काम झाले असे मानायचे, ही पद्धत मला पटत नाही. करंटची वाट बदलली नाही तर नवा स्विचही त्याच मार्गाने जातो.

दोष खरोखर स्विचचाच आहे का, हे आधी ठरवावे. एकाच बाजूचा दिवा लागत नसेल तर बहुधा बल्ब, त्या बाजूचा फ्यूज, बल्बमागचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) किंवा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारा परतीचा जोड) यांपैकी काहीतरी बिघडलेले असते, स्विच नव्हे. दोन्ही बाजूंचा डिपर बंद आणि अप्पर चालू असेल तरी लगेच स्विच उघडू नये, कारण डिपरची फिलामेंट जास्त वापरात असल्याने दोन्ही बल्बांची थोड्याच अंतराने गेलेली असू शकते. दांडी किंचित हलवल्यावर दिवे जातात आणि परत येतात, अर्ध्या तासाच्या रात्रीच्या प्रवासानंतर दांडीच्या मुळाशी प्लास्टिक हाताला गरम लागते किंवा जळका वास येतो, तेव्हा मात्र संशय स्विचवरच घ्यावा. असा बिघाड घाटातल्या वळणावर झाला, तर दांडी स्वतःकडे ओढून धरावी. अनेक गाड्यांत समोरच्याला इशारा देण्याचा हा कॉन्टॅक्ट वेगळा असल्यामुळे अप्पर लागतो आणि गाडी कडेला घेण्यापुरता उजेड मिळतो.

खात्री मल्टिमीटरने होते, आणि या तपासणीत कंटाळा करू नये. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, इंजिन चालू करून दिवे लावावेत आणि प्रथम बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज पाहावे. ते साधारण १३.८ ते १४.४ असते. मग बल्ब जोडलेला असतानाच कपलरच्या मागून मीटरच्या सुया आत सरकवून बल्बला प्रत्यक्ष किती व्होल्ट मिळतात ते मोजावे. बल्ब काढून मोजल्यास करंट वाहत नाही, त्यामुळे खराब जोडसुद्धा चांगला दिसतो. दोन आकड्यांत एक व्होल्टहून जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी ऊर्जा वाया जात आहे. आता स्विचकडे येणारी आणि त्यातून जाणारी अशा दोन वायरींवर मीटर लावून फक्त स्विचमध्ये किती व्होल्ट पडतात ते पाहावे. ०.२ व्होल्टपर्यंत चालते, पण ०.५ व्होल्ट पडत असतील तर १० अँपिअरला ५ वॅट उष्णता त्या बंद प्लास्टिकमध्ये तयार होते, आणि ते वितळण्याचे कारण हेच असते. उजेडाचे नुकसानही मोठे असते: बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो.

स्विच काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे तिथे हे काम घरी करू नये. हॉर्न पॅड काढल्यावर स्टिअरिंगचा नट दिसतो. चाक आणि शाफ्ट यांवर मार्करने एक सरळ रेघ मारून घ्यावी, म्हणजे चाक पुन्हा त्याच जागी बसेल. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवून चाक ओढावे, नाहीतर अडकलेले चाक एकदम सुटून तोंडावर आदळते. कॉलमचे कव्हर आणि कपलर सुटले की स्विच हातात येतो. कपलरची एखादी पिन तपकिरी पडली असेल किंवा तिच्याभोवतीचे प्लास्टिक फुगले असेल, तर दोष तिथेही आहे असे समजावे.

स्विच उघडताना तो मोठ्या पारदर्शक पिशवीत धरावा, कारण आतल्या बारीक स्प्रिंगा आणि स्टीलच्या गोळ्या उडतात आणि एक जरी हरवली तरी दांडी जागेवर थांबत नाही. प्रत्येक थर काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा. कॉन्टॅक्टवर काळा कार्बन असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करावा. खोल खड्डे पडले असतील किंवा कॉन्टॅक्ट धरणारे प्लास्टिक वितळले असेल, तर दुरुस्तीचा हट्ट न धरता स्विच बदलावा. ग्रीस फक्त फिरणाऱ्या भागांना लावावे, कॉन्टॅक्टला नव्हे. ठिणगीने ते जळते आणि पुन्हा कार्बन धरतो.

यानंतर १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे दोन रिले बसवावेत, एक अप्परसाठी आणि एक डिपरसाठी. ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून २० अँपिअरच्या फ्यूजमार्गे २.५ चौरस मिलिमीटरची वायर द्यावी आणि तो फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. ८७ वरून वायर बल्बकडे जाते, आणि ८५ व ८६ या कॉइलच्या (रिले चालू करणाऱ्या आतल्या गुंडाळीच्या) पिना स्विचच्या वायरीने चालतात. कॉइलला एक अँपिअरच्या पाचव्या भागाइतका करंटही पुरतो, म्हणून स्विचवरचा भार जवळजवळ संपतो. मात्र बाजारातली तयार वायरिंग किट घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. दोन्ही बल्ब काढून, दिवे चालू ठेवून कपलरच्या तिन्ही पिना बॉडी अर्थच्या संदर्भात मोजाव्यात. अप्पर-डिपर बदलल्यावर १२ व्होल्ट एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर गेले, तर किट सरळ चालते. दोन्ही वेळा एकाच पिनेवर १२ व्होल्ट राहिले, तर त्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूने जोडलेला आहे. अशा वेळी कॉइलचे एक टोक फ्यूजमार्गे पॉझिटिव्हला आणि दुसरे स्विचकडून येणाऱ्या वायरीला द्यावे लागते. हे न पाहता जोडल्यामुळे ‘रिले खराब निघाला’ अशी तक्रार पुष्कळदा होते. बल्बांचा अर्थही रंग खरवडलेल्या पत्र्यावर नव्याने घट्ट करावा. कोकणात आणि समुद्रकाठी हा जोड फार लवकर गंजतो.

सगळे जोडून झाल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे वीस मिनिटे लावावेत, दांडीचे मूळ, रिले आणि फ्यूजची जागा हाताने चाचपावी आणि बल्बवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. ते बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नसावे; तसे असल्यास आधी अर्थचा जोड आणि मग क्रिंप केलेले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोड) तपासावेत.