नोकरीत असताना अपंगत्व आलं? राजीनाम्यावर सही करू नका, आधी हे करा

अपघात, पॅरालिसिस, शुगरमुळे गेलेली नजर, कारण काहीही असो, घरचे अजून दवाखान्याच्या बिलातच अडकलेले असतात आणि ऑफिसातून निरोप येतो की आता तुला झेपणार नाही, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घे, पैसे तरी हातात येतील. बरेच लोक तिथेच सही करतात आणि एकदा स्वतःहून दिलेला राजीनामा मागे घेणं फार अवघड जातं. म्हणून पहिलं काम एकच, कशावरही सही किंवा अंगठा नाही, कोरा कागद तर नाहीच नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे त्याचं कलम २०(४) पाठ करून ठेवा. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सवलतींसह दुसरं काम द्यायचं, आणि तशी जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांच्या वर जादा तयार केलेल्या, पदावर ठेवता येतं. सरकारी आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नाही हं, एसटी, महापालिका, झेडपी, सरकारी कंपन्या, अनुदानित संस्था सगळं यात येतं. म्हणजे नजर गेलेल्या ड्रायव्हरला ‘मेडिकल अनफिट’ शेरा मारून घरी बसवता येत नाही, त्याला डेपोत किंवा ऑफिसात काम द्यायला हवं. आणि या कलमात ४० टक्के अपंगत्वाची अट लिहिलेली नाही, ती अट भरतीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी आहे, ऑफिसात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

आता ऑफिसला द्यायचा अर्ज. अपंगत्वाचं सर्टिफिकेट यायची वाट बघू नका, डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचे रिपोर्ट जोडून आधीच द्या. सर्टिफिकेट आणि युडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर वेगळा अर्ज करून ठेवा, ते मागाहून जोडता येतं. अर्जात रडगाणं नको, सरळ लिहा: ‘सेवेत असताना मला अपंगत्व आले आहे, कलम २०(४) प्रमाणे त्याच वेतनश्रेणीत पर्यायी काम मिळावे.’ त्याच्याखाली तुम्हाला काय काय जमतं ते लिहा, हे लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. स्टोअरचा हिशोब, फोनवरची चौकशी, कंट्रोल रूम, कॉम्प्युटर एंट्री, तुमच्याच खात्यातली दोन-तीन कामं नावानिशी सुचवा आणि सोबत काय सोय लागेल तेही, तळमजला, रॅम्प, स्क्रीन रीडर (कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), शिफ्टमध्ये बदल. अशी वाजवी सोय करून देणं हे सरकारी आस्थापनेवर कायद्यानेच टाकलेलं आहे, उपकार नाही. काय जमेल हेच कळत नसेल तर मुंबईत दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, केंद्राच्या कामगार खात्याचं, तिथे तुमची कामाची क्षमता तपासून सल्ला मिळतो.

दोन प्रती काढा, आवक विभागाचा शिक्का तारखेसकट आपल्या प्रतीवर घ्या, नाही म्हणाले तर रजिस्टर एडीने पाठवा.

उत्तर येत नसेल किंवा नकार आला तर आधी ऑफिसचा तक्रार निवारण अधिकारी, कलम २३ खाली प्रत्येक सरकारी आस्थापनेत तो नेमलेला पाहिजे. तिथेही नाही झालं तर राज्याच्या नोकरीसाठी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, केंद्राच्या नोकरीसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. राज्य आयुक्तांनी शिफारस केली की त्यावर काय केलं ते ऑफिसला ३ महिन्यांत कळवावं लागतं.

प्रायव्हेटवाल्यांनो, २०(४) तुम्हाला थेट लागू नाही हे खरं आहे, पण प्रत्येक आस्थापनेचं समान संधी धोरण असायलाच हवं, ते लेखी मागा आणि त्याच्या आधारावर काम बदलून मागा. कामावर असताना इजा झाली आणि तुम्ही ईएसआयसीत (कामगार राज्य विमा) असाल तर अपघाताची नोंद मालकाने केली का ते ताबडतोब बघा, कारण कायमच्या अपंगत्वाची दरमहा मिळणारी रक्कम मेडिकल बोर्ड ठरवतं आणि तिथे अपघात कामावरच झाला याचा कागद लागतो.