स्मार्टवॉच उघडण्याआधीचा अर्धा तास

गेल्या मे महिन्यात गुहागरकडचे एक काका दुकानात आले. मुलाने मस्कतहून पाठवलेलं घड्याळ रुमालात गुंडाळून आणलं होतं. "ताई, हे गेलं. एका ठिकाणी बॅटरी बदलायचे बाराशे सांगितले. करायची का?" मी घड्याळ उलटं केलं. मागच्या दोन चार्जिंग पिनांवर हिरवट खपली बसली होती. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती साफ केली, चार्जरला लावलं आणि काकांना बाजार उरकून यायला सांगितलं. ते परत येईपर्यंत पडदा लागला होता. बॅटरी ठणठणीत होती.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केला आणि चिपळूणला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता मोबाइलच्या बरोबरीने स्मार्टवॉच येतात. या घड्याळांबद्दल मला पोटतिडकीने एकच सांगायचं आहे. उघडणं ही शेवटची पायरी आहे. साधा मोबाइल उघडून पुन्हा बंद केला तर फारसं बिघडत नाही. घड्याळाचं तसं नाही. कंपनीत लागलेला गम एकदा सुटला की पाणी अडवण्याची त्याची मूळची ताकद परत येईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून आधी अर्धा तास बाहेरूनच तपासायचं.

सुरुवात पिनांपासून करा. घाम खारट असतो, आपल्या कोकणात हवाही दमट, आणि लोक मनगटावरून काढलेलं ओलं घड्याळ तसंच चार्जरवर ठेवतात. ओल्या खारटपणातून करंट गेला की पिनेवरचा सोनेरी मुलामा आधी झिजतो आणि खालचं तांबं हिरवं पडतं. ही खपली करंट अडवते. आधी लाकडी टूथपिकने हलकेच खरवडायची, मग ब्रशला ९९ टक्क्यांचं अल्कोहोल लावून घासायचं. मेडिकलमधल्या सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, ते नको. पॉलिश पेपर किंवा ब्लेड तर अजिबात नको. उरलासुरला मुलामा निघाला की महिन्याभरात पुन्हा हिरवं होतं. चार्जरच्या बाजूच्या पिनाही बघा. त्या स्प्रिंगवर असतात आणि एखादी आत अडकून बसते. नखाने दाबली की वर आली पाहिजे.

चार्जर घड्याळाचाच आहे का, हेही विचारा. चुंबकाची दोन पिनांची केबल सगळ्यांना सारखीच दिसते, पण पिनांमधलं अंतर वेगळं असतं. २.८४ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटर ही दोन मापं मला सर्रास भेटतात. चुंबक चिकटला म्हणजे पिना जुळल्या असं नाही. अ‍ॅडॉप्टर साधा ५ व्होल्टचा असला की पुरे.

आता एक छोटी वस्तू विकत घ्या, यूएसबी मीटर. अ‍ॅडॉप्टर आणि केबलच्या मध्ये लावायचा, किती व्होल्ट आणि किती अँपिअर जातात ते दाखवतो. माझ्या टेबलावर मल्टिमीटरपेक्षा हाच जास्त वापरात असतो. घड्याळाची बॅटरी साधारण २०० ते ३०० मिलिअँपिअर तासांची असते, त्यामुळे चांगलं घड्याळ ०.१० ते ०.२५ अँपिअरच्या आसपास ओढतं आणि भरत आलं की आकडा उतरत जातो. ०.०० दिसलं तर पिना, केबल किंवा आतली पट्टी (भागांना बोर्डाशी जोडणारी पातळ चपटी केबल) यांत कुठेतरी तुटलंय. आकडा बराच मोठा दिसतोय आणि पाठ तापतेय, तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. आकडा अगदी बारीक, ०.०१-०.०२ वर रेंगाळतोय आणि पडदा काळाच आहे, तर घाई करू नका. कपाटात महिनोन् महिने पडलेल्या घड्याळाची बॅटरी इतकी उतरते की चार्जिंग सांभाळणारी चिप, म्हणजे आयसी, सुरुवातीला थेंबथेंब करंट सोडते. अर्धा-पाऊण तास पडद्यावर काहीच येत नाही. "मेलेली" म्हणून आलेली किती तरी घड्याळं माझ्याकडे नुसती तासभर चार्जरवर ठेवून उठली आहेत.

घड्याळ थरथरतंय पण दिसत काही नाही, तर बोर्ड जिवंत आहे आणि दोष डिस्प्लेचा किंवा त्याच्या पट्टीचा. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघा. अंधुक आकडे दिसले तर डिस्प्ले एलसीडी आहे आणि फक्त बॅकलाइट गेलाय. अमोलेड पडदा स्वतःच उजळतो, त्याला बॅकलाइट नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही. टच आपोआप पळत असेल तर चार्जर काढून बघा. थांबला, तर दोष हलक्या अ‍ॅडॉप्टरचा. थांबला नाही, तर घड्याळ डोळ्यासमोर आडवं धरून काचेची कड बघा. एका बाजूने काच उचललेली दिसली तर बॅटरी फुगून आतून ढकलतेय. हे घड्याळ त्याच क्षणी बंद करायचं. वरून दाबून काच परत बसवायला जाऊ नका, फुगलेल्या सेलवर दाब पडला तर पेट घेऊ शकतो.

"फोनला जोडत नाही" ही तक्रार जवळजवळ नेहमी फोनमध्येच सुटते. घड्याळ जुन्या फोनला आतून जोडलेलं राहतं आणि नव्या फोनला दिसतच नाही. घरातला जुना फोन बंद करा, नव्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळ काढा, आणि मग यादीतून न जोडता कंपनीच्या अ‍ॅपमधूनच जोडा. अँड्रॉइड जुनं असेल तर लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाहीतर अ‍ॅपला घड्याळ सापडत नाही. अ‍ॅपलचं वापरलेलं घड्याळ विकत घेणार असाल तर आधीच्या मालकाला तुमच्यासमोर जोडणी काढायला सांगा. ते त्याच्या खात्याला बांधलेलं राहिलं तर मी काय, कुठलाच दुरुस्तीवाला ते सोडवू शकत नाही. दुबईहून कुणीतरी आणून दिलेल्या घड्याळांत हे फार होतं, आणि पैसे गेलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

पाण्यात गेलेल्या घड्याळाचं जरा सविस्तर सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा माझंही दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले फोन आणि घड्याळं घेऊन येत होते. त्यांत वाचलेल्या वस्तूंत एक गोष्ट सारखी होती, कुणी त्या चालू करून किंवा चार्जिंगला लावून बघितल्या नव्हत्या. पाणी जितकं मारत नाही तितकं पाण्यात सोडलेला करंट मारतो. म्हणून भिजलेलं घड्याळ बंद करा, निदान चार्जरपासून लांब ठेवा, आणि लवकरात लवकर उघडून घ्या. तांदळाच्या डब्यात घालू नका. गमाने बंद असलेल्या डबीतलं पाणी तांदूळ बाहेरून ओढून घेऊ शकत नाही, वर भोकांत पीठ जातं ते वेगळंच. तुम्ही तीन दिवस वाट बघता आणि तेवढ्यात आत बोर्डाला हिरवं चढतं. समुद्राचं पाणी असेल तर घाई आणखी करा. मीठ आतच सुकलं की ते हवेतली ओल ओढत राहतं. असं घड्याळ उघडल्यावर मी बॅटरी सोडवते आणि मग बोर्ड अल्कोहोलने धुते.

घड्याळावर आयपी ६८ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून लोक गरम पाण्याने आंघोळ करतात. ती चाचणी नव्या घड्याळाची, साध्या स्थिर पाण्यात झालेली असते. साबण आणि वाफ त्यात धरलेली नाही. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका दाब, तोही स्थिर. विहिरीत उडी मारताना बसणारा मार निराळा.

एवढं सगळं बघूनही उघडायचीच वेळ आली, तर आधी पाठ बघा. चार स्क्रू दिसले तर ते काढायचे. ते बहुतेक तीन पाकळ्यांचे किंवा बारीक चौफुलीचे असतात आणि चुकीच्या पेचकसने एकदा गुळगुळीत झाले की हाल होतात. स्क्रू नसतील तर काच किंवा पाठ गमाने बसवलेली आहे. हीटिंग प्लेटवर ७० अंशांच्या आसपास तीन-चार मिनिटं ठेवते. ब्लोअर सरळ काचेवर मारत नाही. आत लिथियमची बॅटरी आहे आणि तिला उष्णता सोसत नाही. कड सैल झाली की पातळ पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर आत घालून हळूहळू फिरवायचा. गम हटत नसेल तर पुन्हा गरम करा, जोर लावू नका.

झाकण सुटलं की हात थांबवा. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. आनंदाने झाकण उचलतात आणि डिस्प्लेची किंवा मागच्या सेन्सरची पट्टी टर्रकन फाटते. पट्टी नखाच्या रुंदीएवढी आणि कागदाएवढी पातळ असते. झाकण पुस्तकासारखं एका बाजूने उघडायचं, पट्टी कुठून जाते ते बघायचं, फोटो काढायचा. सॉकेटचं छोटं काळं कुलूप प्लॅस्टिकच्या टोकाने वर करून मगच पट्टी ओढायची.

बॅटरी आधी मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. ३.७ ते ४.२ मधला आकडा आला तर बॅटरीत जीव आहे. ३ च्या खाली असेल तर ती फार उतरलेली आहे. शून्य दिसलं म्हणजे बॅटरी मेलीच असं नाही, तिच्या डोक्यावरच्या संरक्षक सर्किटने जोडणी तोडलेली असू शकते. चार्ज दिल्यावर ते परत जोडून घेतं. स्वस्त घड्याळांत लाल-काळी वायर बोर्डाला सोल्डर केलेली असते. कटरने दोन्ही वायर एकदम कापू नका, कटरची पाती दोघींना जोडते आणि तिथेच शॉर्ट होतो. एक सोल्डर सोडवा, टोकाला टेप लावा, मग दुसरी.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा सहा आकडी नंबर वाचायला शिका. ३०२३२३ म्हणजे जाडी ३ मिलिमीटर, रुंदी २३, लांबी २३. मी सुटे भाग आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेले की जुनी बॅटरी पिशवीत घेऊनच जाते. जागेत घट्ट बसणारी घेऊ नका, सेलला जरा फुगायला मोकळीक लागते. त्याच मापात दुप्पट क्षमता छापलेली बॅटरी मिळते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. तेवढ्या जागेत तेवढी शक्ती मावत नाही. आणि हे तर पाठच करा: जुन्या बॅटरीवर ४.३५ व्होल्ट लिहिलं असेल तर ४.२ ची बसवायची नाही. बोर्ड तिला ४.३५ पर्यंतच भरत राहणार, आणि अशी प्रमाणाबाहेर भरलेली धोक्याची बॅटरी कुणाच्या तरी मुलाच्या मनगटावर असणार. ४.३५ ची मिळाली नाही तर मी घड्याळ परत करते. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकत नाही. टोकांना टेप लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवते आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देते.

बंद करण्याआधी सगळं जोडून चालवून बघा. टच चारही कोपऱ्यांत, स्पीकर, माइक, मोटर, चार्जिंग. गम लावून झाल्यावर "माइक राहिला" म्हणायची पाळी येऊ नये. बाजूला दिसणाऱ्या बारीक भोकांत सुई घालू नका, त्यामागे माइकची किंवा हवेच्या दाबाच्या सेन्सरची जाळी असते.

हृदयाच्या ठोक्यांची चाचणी माझी अशी. मागचा हिरवा दिवा त्वचेतून रक्तात जातो, रक्त तो शोषतं, आणि दर ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो. तेवढाच सेन्सर मोजतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, सैल न ठेवता बांधायचं, पाच मिनिटं शांत बसायचं आणि दुसऱ्या हाताची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची. चार-पाच ठोक्यांचा फरक मी चालवून घेते. मग घड्याळ काढून पाण्याच्या बाटलीला बांधते. बाटलीचेही ७२ ठोके दाखवले तर त्या घड्याळाच्या आकड्यांवर तब्येतीचा निर्णय घेऊ नका, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. पावलांसाठी दुकानासमोर मोजून १०० पावलं चालते.

रक्तातली साखर दाखवणारं घड्याळ घेऊन कुणी आलं की माझा जीव धसकतो. न टोचता साखर मोजणारं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावलं होतं. एक आजी त्या आकड्यावर इन्सुलिन कमी करत होत्या. मी त्यांच्या सुनेला फोन लावून दिला.

आता बंद करणं. जुना गम पूर्ण खरवडून, कड अल्कोहोलने पुसून, बी-७००० गमाची सलग बारीक रेघ. रबर बँड लावून २४ तास ठेवायचं, त्याच दिवशी संध्याकाळी देण्याचं कबूल करू नका. दुसऱ्या दिवशी घड्याळ ४०-४५ अंशांवर कोमट करते, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवते, मिनिटभराने पुसते. आतून धुकं धरलं तर आत ओल राहिली आहे. पुन्हा उघडते, सुकवते, पुन्हा गम. धुकं नसेल तर रात्रभर चालू ठेवून सकाळी किती टक्के उतरलं ते वहीत लिहिते.

पावतीवर मी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिते: "घड्याळ उघडलेलं आहे. पाण्यात घालू नये. चार्जिंगला लावण्याआधी पिना पुसाव्यात." आणि देताना गिऱ्हाइकाकडून ते मोठ्याने वाचून घेते.