बहुसदस्यीय प्रभागाचा निकाल कसा वाचावा

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. २०१७ मध्ये तेथे असे २२७ प्रभाग होते. राज्यातील इतर महानगरपालिकांत मात्र प्रभाग साधारणतः बहुसदस्यीय असल्याने ‘प्रभागाचा निकाल’ म्हणजे खरे तर अ, ब, क, ड या जागांच्या स्वतंत्र लढतींचे निकाल असतात आणि ते तसेच स्वतंत्रपणे वाचले पाहिजेत.

प्रथम प्रत्येक जागेपुढील आरक्षण पाहावे. ते उमेदवारापुरते असते. मत प्रभागातील प्रत्येक मतदार प्रत्येक जागेसाठी देतो. त्यामुळे ‘ड’मधील पराभूत उमेदवाराला ‘अ’मधील विजयी उमेदवारापेक्षा जास्त मते पडली असली, तरी त्यावरून कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी गफलत बेरजेत होते. समजा, प्रभागात ३०,००० मतदार आहेत, त्यांपैकी १५,००० जणांनी मतदान केले आणि एका पक्षाच्या चार उमेदवारांना अनुक्रमे ६,०००, ५,५००, ७,००० व ५,९०० मते मिळाली. यांची बेरीज २४,४०० होते. पण पक्षामागे इतके मतदार उभे आहेत असे सांगणे साफ चुकीचे आहे, कारण मतदानालाच १५,००० माणसे आली होती. टक्केवारी त्या-त्या जागेच्या एकूण मतांवरच काढावी. खरी माहिती या चार आकड्यांमधील फरकात असते: ‘क’ला ७,००० आणि ‘ब’ला ५,५०० मते असतील, तर किमान १,५०० मतदारांनी ‘क’मध्ये त्या पक्षाला मत देऊन ‘ब’मध्ये ते नाकारले आहे. उमेदवाराचा स्वतःचा जनसंपर्क, नाराजी, बंडखोरी यांचा माग येथूनच लागतो, म्हणून मला हा भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची मतेही जागानिहाय पाहावीत. एखाद्या जागेवर ती विजयी मताधिक्यापेक्षा जास्त असतील, तर त्याची नोंद अवश्य घ्यावी. मताधिक्य कधी शून्यही असू शकते: २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते मिळाल्याने निकाल चिठ्ठी काढून ठरवावा लागला होता.

मागील निवडणुकीशी तुलना करताना केवळ प्रभाग क्रमांकावर विसंबू नये. प्रभागरचना बदलली की क्रमांक तोच राहूनही वस्त्या बदलतात. म्हणून दोन्ही वेळचे नकाशे शेजारी ठेवून, सामाईक वस्त्यांतील मतदान केंद्रांचेच आकडे ताडून पाहावेत.