जुन्या प्राणिचित्रांचे जिगसॉ पझल जुळवताना या चुका टाळा

निसर्गदृश्याचे जिगसॉ पझल ज्या पद्धतीने सहज जुळते, त्याच पद्धतीने जुन्या चित्रकारांची प्राणिचित्रे जुळवू गेल्यास हजार तुकड्यांचे काम अर्ध्यावरच अडते. या चित्रांत रंग मोजके आणि छटा पुष्कळ असतात, त्यामुळे तुकड्याची जागा रंगापेक्षा कुंचल्याच्या किंवा रेषेच्या दिशेवरून ओळखावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दर वेळी कडेपासून सुरुवात करणे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील, जॉर्ज स्टब्ज यांनी १७६२ च्या सुमारास रंगवलेला ‘व्हिसलजॅकेट’ पाहा. मागच्या पायांवर उभा राहिलेला हा तांबूस घोडा जवळजवळ प्रत्यक्षातील घोड्याएवढा रंगवलेला आहे. पण त्याच्या मागे झाड नाही, आकाश नाही, क्षितिजही नाही, केवळ एकसारखी फिकट पार्श्वभूमी आहे. अशा चित्राच्या कडेचे तुकडे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, आणि दोन-तीन चुकीच्या जोड्या लागल्या की चौकट चौथ्या कोपऱ्याशी मिळतच नाही. येथे डोळा, आयाळ, शेपूट आणि खुरांजवळची सावली आधी जुळवावी, मग घोड्याची बाह्यरेषा पूर्ण करावी आणि पार्श्वभूमी शेवटी हाती घ्यावी. तिच्यासाठी रंगाचा विचार सोडून तुकड्यांचे आकारानुसार गट करावेत: समोरासमोर दोन खाचा असलेले, लगतच्या बाजूंना खाचा असलेले, तीन खाचांचे आणि चारही बाजूंनी खाचा असलेले. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही.

आल्ब्रेश्ट ड्यूरर यांच्या १५०२ मधील सशाच्या बाबतीत उलट अडचण येते. तपकिरी तुकड्यांचा एकच ढीग करून बसणारा येथे हमखास फसतो, कारण जवळजवळ सगळा ससाच तपकिरी आहे. मात्र ड्यूरर यांनी केसांचा प्रत्येक पुंजका वेगळ्या दिशेने काढलेला आहे. कानांवरील केस आखूड व सपाट बसलेले, तर छातीवरचे लांब आणि विस्कटलेले दिसतात. म्हणून ढीग करताना केसांची लांबी आणि कल पाहावा.

त्यांच्याच १५१५ मधील गेंड्याच्या काष्ठमुद्रेत, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रात, तर रंगाचा आधारही नसतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला हा गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूरर यांनी तो कधीच पाहिला नाही आणि इतरांनी पाठवलेले वर्णन व रेखाटन यांवरून चित्र तयार केले. त्यामुळे खऱ्या गेंड्याचे शरीर डोळ्यांसमोर ठेवून तुकडा शोधणे ही येथे मोठी चूक ठरते. मानेमागे पाठीवर एक लहानसे जादा शिंग आहे, पायांवर खवले आहेत आणि कातडी चिलखताच्या पत्र्यांसारखी आहे. शिंगाचा तुकडा दिसताच तो नाकाकडे नेणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

आंरी रूसो यांच्या १८९१ मधील वादळातल्या वाघाच्या चित्रात गवत आणि पाने मिळून हिरव्या रंगाची इतकी दाटी आहे की तुकडा सरळ आहे की उलटा, हेच कळेनासे होते. संपूर्ण चित्रावर पावसाच्या बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या आहेत. त्यांचा तिरपेपणा खोक्यावरील चित्राशी ताडून पाहिल्यास तुकडा कोणत्या बाजूने धरायचा ते ठरते.

तुकडा ‘बसला’ म्हणजे तो बरोबरच आहे, असे मानू नये. साच्याने कापलेल्या पझलमध्ये एकसारखे आकार पुष्कळ असतात. शंका आल्यास प्रकाश तिरपा पाडावा. सांध्यावर बारीक सावली पडली किंवा केसांची रेघ किंचित तुटली, तर तो तुकडा काढावा. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात, म्हणून दिवसाचा किंवा पांढरा प्रकाश घ्यावा.

कडेचा तुकडा हरवल्याचा संशय आल्यास आधी मोजणी करावी. हजार तुकड्यांच्या पझलची रचना बहुधा ४० गुणिले २५ किंवा ३८ गुणिले २७ (म्हणजे प्रत्यक्षात १०२६ तुकडे) अशी असते, आणि योगायोगाने दोन्हींत कोपऱ्यांसह कडेचे तुकडे १२६ च भरतात. संख्या पूर्ण असूनही चौकट जुळत नसेल, तर दोष चुकीच्या जोडीत आहे.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन फुगतो आणि तुकडे घट्ट बसू लागतात. अशा वेळी ते ठोकून बसवू नयेत आणि उन्हातही ठेवू नयेत, कारण वरचा छापील कागद सुटतो. सुटलाच, तर काडीच्या टोकाने थोडा फेव्हिकॉल लावून, वरखाली बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकाखाली दाबावा. एरवी तुकडे बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत.