फिन्स घालून पाय कसा मारावा

पुण्यात पोहण्याच्या उन्हाळी बॅचेस सुरू झाल्या की टॅंकवर नवेकोरे फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग फुकटचे सल्लेही. 'गुडघा अजिबात वाकवू नका' हा त्यातला सगळ्यात वाईट सल्ला. त्याच्याकडे वळण्याआधी बाकीचं उरकून घेऊ.

टॅंकसाठी आखूड पात्याचे, टाच झाकणारे फिन्स घ्या. डायव्हिंगचे लांब फिन्स इथे नकोत. त्यांनी पाय सावकाश आणि मोठा फिरतो, हातांची लय बिघडते, शिवाय शेजारून पोहणाऱ्याला पात्याचा फटका बसतो. माप घट्ट हवं, पण बोटं मुडपतील इतकं नको. 'थोडे मोठेच घ्या' असं दुकानदार हमखास म्हणेल, ऐकू नका. सैल फिन टाचेला घासून साल काढतो. जनरल बॅचमध्ये फिन्स चालतात का, हे जीवरक्षकाला आधी विचारा. काठावर बसून, पाय ओले करून घाला. घालून चालावंच लागलं तर उलटं चाला.

आता खरी गोष्ट. पाय खुब्यापासून मारायचा. हे वाचायला सोपं आहे, पण माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. फिन्समुळे पाण्याचा दाब एकदम वाढतो आणि मांडी तो पेलायला कंटाळते. मग शरीर पळवाट काढतं: गुडघे पोटाकडे येतात आणि पाय सायकल मारू लागतात. पाणी भरपूर उडतं, माणूस मात्र जागच्या जागी. हे पाहून कुणीतरी सांगतं, गुडघा वाकवू नका. लगेच पाय काठीसारखा ताठ होतो, घोटाही ताठतो, आणि पातं वाकतच नाही. पातं वाकलं नाही तर फिन्स घालून उपयोग काय?

गुडघा वाकू द्या, पण स्वतःहून वाकवू नका. मांडी खाली निघाली की पाण्याच्या दाबाने तो आपसूक थोडा वाकतो आणि शेवटी सरळ होतो. ओला टॉवेल झटकताना जोर खांद्यातून निघून टोकाला पोचतो, तसंच. घोटा सैल, चवडा मागे ताणलेला. खाली मारताना दाब पावलाच्या वरच्या बाजूवर जाणवला पाहिजे. वर येताना मांडीची मागची बाजू आणि नितंब कामाला लागले पाहिजेत. हा वरचा अर्धा भाग बहुतेक जण फुकट घालवतात. फिन्स नसताना तो चुकला तर कळतही नाही. फिन्स घातले की लगेच कळतं. म्हणूनच मी फिन्सकडे वेगाचं नाही, शिकण्याचं साधन म्हणून बघतो.

तपासायची माझी एकच पद्धत आहे. उताणे व्हा, हात अंगासरशी, आणि नुसते पाय मारत जा. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर सायकल चालू आहे. पायांशी पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसलं आणि धपधप आवाज आला नाही, तर जमलं. हे जमेपर्यंत किकबोर्ड, म्हणजे धरून पाय मारायची तरंगती फळी, हातात घेऊच नका. बोर्ड धरला की डोकं वर, कंबर खाली, आणि पुन्हा सायकल सुरू.

पहिल्या दिवशी पंचवीस मीटरच्या चार-सहा फेऱ्या पुरे. पोटरीत पेटका आला तर काठ धरा, गुडघा सरळ ठेवा आणि फिनचं टोक हाताने स्वतःकडे ओढा. दर वेळी शेवटच्या काही फेऱ्या फिन्स काढून पोहा, नाहीतर पायांना त्यांचीच सवय लागते.

(बेंजामिन फ्रँकलिनने तळपायांना सपातांसारखं काहीतरी बांधून पोहून पाहिलं होतं, पण त्याचं समाधान झालं नाही, पाण्याला रेटा नुसत्या तळव्याने बसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. फिन्सचं पेटंट फ्रान्सच्या लुई द कॉर्लिएने १९३३ मध्ये घेतलं.)

पुणेकरांचं पहिलं डायव्हिंग बहुधा तारकर्ली-मालवणला होतं. तिथे लांब पात्याचे फिन्स मिळतात. पाय तोच, खुब्यापासूनच, पण संथ आणि रुंद. घाई केली की दम लागतो आणि टाकीतली हवा भराभर संपते. तळाजवळ वर-खाली पाय मारू नका. वाळू उठते आणि मागच्याला काही दिसत नाही. प्रवाळांवर पाय पडला तर ते मोडतात, आणि पुन्हा वाढायला त्यांना वर्षं लागतात. प्रशिक्षक बेडकासारखा पाय मारायला शिकवत असेल तर मन लावून शिका.

परत येताना आधी बोटीची शिडी धरा, मगच एकेक फिन काढून वर द्या. फिन्सशिवाय लाटेत शिडी सुटली तर पोहून परत येणं जड जातं. मास्क मात्र बोटीत बसेपर्यंत काढू नका.