जर्मनीत आल्यावर अडकलेला रिफंड असा मिळवला

ऑगस्टअखेर पुणे सोडलं. त्या आर्थिक वर्षात (एप्रिलपासून) पगार पाचच महिन्यांचा, पण टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा कर, वर्षभराच्या अंदाजाने कापलेला, म्हणून आयकराचा रिफंड निघत होता. भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी, म्हणजे आयकरासाठी मी त्या वर्षी अनिवासी. अनिवासींना आयटीआर-१ हा आयकर विवरणपत्राचा फॉर्म चालत नाही, म्हणून आयटीआर-२ भरला.

तरीही आयकराच्या पोर्टलवर दिसलं: ‘रिफंड फेल्ड’. पोटात गोळाच आला. बहिणीच्या लग्नाच्या खर्चासाठी ते पैसे धरले होते.

कारण साधं निघालं. परदेशी गेल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातलं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. मी केलंही होतं. पण बँकेने त्यासाठी नवा खाते क्रमांक दिला आणि पोर्टलवर जुनाच राहिला होता. ‘माय बँक अकाउंट’मध्ये जुनं खातं काढलं, नवं टाकलं आणि प्रकार ‘एनआरओ’ निवडला. व्हॅलिडेशन, म्हणजे खात्याची पडताळणी, पहिल्यांदा फसलं, कारण बँकेत नावाची आद्याक्षरं होती आणि पॅनवर पूर्ण नाव. बँकेला लिहून तेही दुरुस्त करून घेतलं.

मग ‘रिफंड रीइश्यू’ची, म्हणजे रिफंड पुन्हा पाठवण्याची, विनंती टाकून आधार ओटीपीने पडताळणी केली. त्यासाठी भारतातलं सिम चालू हवं. निघताना आईने ते बंद करू दिलं नाही, तिचे उपकारच.